पुन्हा: पुन्हा: मेंटर १४, मुलं ३१ (जोड्या रविवारपर्यंत हव्यात)

वैशाली (शाळा समन्वय):
मंडळी, शाळेतल्या मेंटरिंगची (मोठ्या माणसानं एखाद्या मुलाला ठरलेल्या तासाला नियमित सोबत देण्याची) नोंदणी बंद केली. मेंटर १४, मुलं ३१. अकरा जणांना दोन-दोन आणि तिघांना तीन-तीन मुलं दिली की हिशोब बसतो, कुणाच्याच पालकांना नाही म्हणावं लागत नाही. हरकत असेल तर आत्ताच सांगा, रविवारी यादी लावायची आहे.

अविनाश:
वैशालीताई, माझी हरकत आहे. हिशोब कागदावर बसतो, तासाला नाही. पन्नास मिनिटांत तीन मुलं म्हणजे बोलकं मूल तीस मिनिटं घेतं आणि गप्प मूल वही रंगवत बसतं. बहुतेक वेळा त्या गप्प मुलासाठीच शिक्षकांनी नाव पाठवलेलं असतं.

शिवाय एक मेंटर गळला की एकदम तीन मुलं उघड्यावर. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांचा २००२ सालचा अभ्यास 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या अमेरिकेतल्या मेंटरिंग संस्थेमधल्या जोड्यांवर होता. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत मोडलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट कमी झाला. म्हणजे मोडकी जोडी देण्यापेक्षा प्रतीक्षा यादी बरी.

माझा प्रस्ताव: ११ जोड्या एकास एक. दोन मेंटर मिळून आठ मुलांचा एक गट, कारण गटात माणशी चारच्या वर मुलं गेली की तो वर्ग होतो. एक मेंटर राखीव. बारा मुलं थांबतील.

श्रीकांत:
एकास एक काय आणि गट काय, त्या तासात गणिताचा गृहपाठ करून घ्या. पालकांना निकाल दिसला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी अर्ज भरणार नाही.

अविनाश:
काका, शिकवणी हवी असेल तर ती वेगळी लावा, मी स्वतः फळा आणतो. मेंटरनं पहिल्या दिवसापासून वही उघडली की मुलाला तो आणखी एक शिक्षक वाटतो आणि ते अडचण सांगायचं बंद करतं. अभ्यास यावा, पण मुलानं काढला तर, आणि तासातली पंधरा-वीस मिनिटं. निकालाचंच म्हणाल तर शाळेत चालणाऱ्या मेंटरिंगवरचा २००७ सालचा मोठा अभ्यास सांगतो की पहिल्या वर्षी अभ्यासात दिसलेली सुधारणा दुसऱ्या वर्षी बहुतांशी टिकली नाही. प्रगतिपुस्तकाचं आश्वासन पालकांना देऊच नका.

मृणाल (युवा गट):
बाराच्या बारा मुलं थांबवायची गरज नाही. आमच्या गटातली सोळा-सतरा वर्षांची सहा मुलं आठ-दहा वर्षांच्यांना घेऊ शकतात. वयात निदान दोन वर्षांचं अंतर लागतं, इथे त्याहून बरंच जास्त आहे. पण मोठ्या मुलांना एकटं सोडायचं नाही. सगळ्या सहा जोड्या एकाच खोलीत, एक प्रौढ हजर, आणि नंतर वीस मिनिटं मोठ्यांची वेगळी बैठक. ती बैठक टाळली की काय होतं? दोन मोठे मित्र आपसात गप्पा मारतात आणि लहानगी खिडकीपाशी उभी राहतात.

आणि हो, त्या मुलांना कुणी परस्पर फोन करू नये. नावं आमच्याकडून येतील.

श्रीकांत:
गैरहजेरीचं काय? परीक्षा आणि ऑफिसची वर्षअखेर आली की निम्मे मेंटर गायब होतात. राखीव एकच, तो कुठे-कुठे पुरणार?

अविनाश:
रास्त प्रश्न. राखीव माणसाला गैरहजर मेंटरच्या जागी बसवायचंच नाही. दर वेळी नवा चेहरा आला की मूल तेच नाव, तीच इयत्ता सांगत बसतं. राखीव माणसानं पत्ते, बुद्धिबळ असं एक टेबल मांडायचं. ज्याचा मेंटर आला नाही, ते मूल तिथे. गैरहजेरी आदल्या संध्याकाळपर्यंत कळवायची आणि ती मुलाला तास सुरू होण्याआधी सांगायची. मूल दाराकडे बघत बसलंय आणि आपण आत फोन लावतोय, असं होता कामा नये.

मृणाल:
मेंटरनं थेट मुलाला मेसेज करून कळवलं तर?

वैशाली (शाळा समन्वय):
नाही. मेंटर आणि मूल यांच्यात खासगी मेसेज नाहीत, जे असेल ते माझ्यामार्फत. खोलीचं दार उघडं किंवा काचेचं. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन मेंटरनं द्यायचं नाही. मुलाला धोका असल्याचं कळलं तर ते सांगावंच लागतं, हे पहिल्याच भेटीत मुलाला कळू दे.

बरं, अविनाशची मांडणी मान्य. जोड्या लावताना आडनाव-ओळख बघणार नाही. फॉर्मवरचं तिसरं उत्तर, "रिकामा तास मिळाला तर काय करशील?", ते मेंटरच्या उत्तराशी जुळवणार. बहुतेकांनी तेच कोरं सोडलंय, गुरुवारपर्यंत भरा. पहिल्या भेटीआधी दोन तासांचं प्रशिक्षण सक्तीचं.

आता खरी अडचण. पहिल्या महिन्यात मेंटरशी दोनदा, मुलाशी दोनदा आणि पालकांशी एकदा बोलायचं म्हटलं तर ११ जोड्यांचेच ५५ संवाद होतात. नंतर महिन्याला एकेक. हे माझ्या एकटीच्यानं होणार नाही. जोड्या बहुतेकदा मोडतात त्या मेंटरला "आपला काही उपयोग होत नाहीये" वाटून, आणि तो हे आपण विचारल्याशिवाय बोलत नाही.

अविनाश:
पाच जोड्या मी बघतो. फोनवर "कसं चाललंय?" विचारू नका, उत्तर "छान" येतं. "मागच्या तासाला शेवटची दहा मिनिटं काय केलं?" असं विचारा. आणि शेवटच्या भेटीची तारीख आत्ताच ठरवा. ती मुलाला तीन भेटी आधी परत सांगायची. कुणी मध्येच सोडत असेल, तरी निरोपाची एक भेट झालीच पाहिजे.

श्रीकांत:
उरलेल्या सहा जोड्यांचे फोन मी करतो. मेंटर म्हणून मला कोणतं मूल मिळणार ते मात्र रविवारच्या आत कळवा.

वैशाली (शाळा समन्वय):
चालेल. मृणाल, सहा नावं शुक्रवारपर्यंत, पालकांच्या सहीसकट. श्रीकांतकाका, तुमच्या चारित्र्य पडताळणीचं पत्र अजून आलेलं नाही. ते हातात आल्याशिवाय तुम्हाला जोडी नाही आणि मुलांना फोनही नाहीत.