छोट्या शिडाच्या होडीला बॅकअप मोटर: गरज की नुसतं ओझं?

शिडवाला_इंदूर
आमच्या ग्रुपची १६ फुटी फायबरची शिडाची होडी आहे, इंदिरा सागर धरणाच्या बॅकवॉटरला हनुवंतियाच्या बाजूला असते, इंदूरहून सुट्टी बघून जातो. आता अर्ध्या मंडळींनी घोषा लावलाय की मागे अडीच हॉर्सपॉवरची आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवायची मोटर) लावून टाकू, वारा पडला तर परत यायला बरी. मी साफ विरोधात आहे.

एक तर १७-१८ किलोची मोटर, वर पेट्रोलचा डबा, हे सगळं होडीच्या अगदी शेपटाला लटकणार. मागची फळी पाण्यात बसते, पाणी ओढलं जातं आणि हलक्या वाऱ्यात होडी आधीच मंद, ती अजून मंद. म्हणजे ज्या वाऱ्यासाठी मोटर घेतली त्याच वाऱ्यात तिच्यामुळे अडकायचं. दुसरं म्हणजे बॅकअप म्हणून ठेवलेली मोटर कोणी चालवत नाही. आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, ते हवेतलं पाणी ओढतं, कार्ब्युरेटरचा बारीक जेट दोन-तीन महिन्यांत चिकटतो आणि ज्या दिवशी खरंच गरज आहे त्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. दोन लांब वल्ही, नांगर, त्याला भरपूर दोर, टॉर्च, शिट्टी, सगळ्यांना लाइफ जॅकेट. बास. लिन आणि लॅरी पार्डी हे जोडपं २४ फुटी होडीतून बिनइंजिनाचं जगभर फिरलं, आपल्याला धरणाच्या पाण्यात इंजिन हवं?

मल्हारगंजकर
दादा, पार्डींना सोमवारी ऑफिस नव्हतं 😄

गंमत सोड, पण थंडीत काय होतं तुला माहितीये. दुपारभर छान वारा, पाच वाजले की एकदम ठप्प, पाणी आरशासारखं आणि साडेसहाला अंधार. धक्का सहा किलोमीटर लांब. चार माणसं बसलेली १६ फुटी होडी तू वल्ह्यांनी किती वेगाने नेणार, फार तर दोन नॉट, म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटरच्या आसपास? तेही हात ताजे असेपर्यंत. म्हणजे दीड-पावणेदोन तास, अंधारात, मुलं थंडीने कुडकुडतायत. आणि उलटा वारा उठला तर वल्ह्यांनी होडी जागची हलत नाही, कारण डोलकाठी, दोऱ्या, बाजूंची उंची, सगळं वारा धरतं. मोटरने तीन नॉटने आलो तरी तासाभराच्या थोडं वर, चहाला धक्क्यावर.

शिडवाला_इंदूर
मग साडेतीनला परत फिरायचं ना भिया! मोटर आहे म्हटलं की माणूस अजून लांब जातो, माझी खरी भीती ती आहे.

टूलबॉक्स_काका
तुमचं भांडण चालू द्या, लावायचीच असेल तर नीट लावा म्हणून लिहितोय.

पॉवरबद्दल आधी. होडीच्या पाण्यातल्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, १६ फूट धरले तरी ५.३ नॉटच्या आसपास येतं. अशा जड बुडाची होडी त्याच्या वर जात नाही, तुम्ही मागे काहीही लावा. त्यामुळे अडीच पुरे, कोणी ८ ची सुचवली तर ती फक्त शेपूट खाली दाबेल आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, आकाशात.

शाफ्ट, म्हणजे मोटरपासून पंख्यापर्यंतचा खाली जाणारा दांडा, मात्र लांब घ्या, २० इंची. १५ इंची शाफ्ट सपाट होडीला ठीक असतो, शिडाच्या होडीत एक जण शीड उतरवायला पुढे गेला की मागचा भाग वर उठतो, पंखा हवेत, मोटर किंचाळते आणि होडी तिथेच. फायबरच्या नुसत्या फळीवर क्लॅम्प आवळू नका, आतून मरीन प्लायचा जाड तुकडा आणि आरपार बोल्ट, नाहीतर भेगा पडतील. मोटर सुकाणूच्या एका बाजूला येते, तर दोन्ही पूर्ण वळवून बघा, पंखा सुकाणूला लागला की सुकाणू कापलंच समजा. क्लॅम्प सैल होतातच, म्हणून वेगळी सेफ्टी दोरी. आणि किल स्विचची दोरी (ओढली गेली की मोटर बंद) मनगटाला, शोभेला लटकवायची नाही.

चार्ज_फुल
पेट्रोल हवंच कशाला? ५५ पाउंड थ्रस्टची (ढकलायचा जोर) १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे छोटी बॅटरीवरची बोट-मोटर घ्या, सोबत १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, ती १२ किलोच्या आसपास असते आणि होडीच्या मधोमध ठेवता येते, म्हणजे शेपटाचं ओझंही गेलं. फुल स्पीडला जवळजवळ ५० अँपिअर खाते म्हणजे जेमतेम दोन तास, अर्ध्या स्पीडला त्याच्या दुप्पट-तिप्पट. इन्व्हर्टरची जुनी लेड अॅसिड लावू नका, दुप्पटीहून जड आणि अर्ध्याच्या खाली सारखी उतरवली की मरते. आणि पाण्यात तेल नाही. २०२३ मध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) भोपाळच्या बड्या तलावात क्रूझ आणि डिझेल मोटरबोटी बंद करायला सांगितल्या होत्या, हवा कुठल्या दिशेने आहे ते दिसतंय.

मल्हारगंजकर
ट्रोलिंग मोटर उलट्या वाऱ्यात दम सोडते रे, शांत पाण्यात ठीक.

शिडवाला_इंदूर
आणि पंखा पेट्रोलचा असो की बॅटरीचा, अडकायचा तो अडकणारच. २००४ मध्ये हरसूदसकट कितीतरी गावं या पाण्याखाली गेली, झाडांचे बुंधे अजून उभे आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की हातभर खाली असतात. वर मच्छीमारांची जाळी. बुंध्याला पंखा लागला तर शिअर पिन (पंख्याला धरणारी, धक्क्याने मुद्दाम तुटणारी खीळ) तुटते, अंधारात वाकून कोण बदलणार? शीड आणि वल्ही जाळ्यावरून सरकतात, सेंटरबोर्ड (होडीखालची उभी फळी) वर ओढला की झालं.

शिवाय कायदा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राने चालणाऱ्या होडीला तपासणी, नोंदणी, विमा आलाच. एका मोटरपायी शिडाच्या होडीची यांत्रिक बोट करून घ्यायची?

राजवाडा_ताई
सगळे पुरुष वारा आणि पेट्रोलवर बोलताय, मी विचारते, तुम्हीच पाण्यात पडलात तर? होडीत शीड येणारा माणूस एकच, बाकी आम्ही तीन पोहे-जिलबीचा डबा धरून बसलेले. शीड फिरवून परत तुमच्यापाशी आणायचं आम्हाला जन्मात जमणार नाही. मोटर दहा मिनिटांत शिकता येते.

शिडवाला_इंदूर
ताई, पाण्यातल्या माणसाकडे फिरता पंखा घेऊन नवशिक्याने यायचं हे जास्त भयानक आहे.

टूलबॉक्स_काका
म्हणून जवळ आल्यावर मोटर बंद करायची, दोर फेकायचा. तेही शिकवता येतं. ताईंचा मुद्दा उडवून लावू नकोस.

शिडवाला_इंदूर
उडवत नाहीये. ताई, पुढच्या वेळी सुकाणू तुमच्या हातात, तीन-चार फेऱ्यांत वळवायला शिकवतो, पाण्यात लाइफ जॅकेट टाकून ते परत उचलायची प्रॅक्टिस करू. मोटरबद्दल माझी अट एकच: घेतली तर दर वेळी धक्क्यावरून मोटरवरच निघायचं, आणि घरी नेताना इंधनाचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवायची. कोण करणार ते नाव आधी सांगा, मग मी पैसे देतो.

मल्हारगंजकर
काका, तुम्ही रविवारी रिकामे असता ना?

टूलबॉक्स_काका
कारखान्यातनं रिटायर झालोय, तुमच्या कामाला नाही लागलो. ब्रॅकेट बसवून देईन, कार्ब्युरेटर तुझा तू.