भरतीतला भेदभाव: अपंगत्व, लिंग, वंश वेगवेगळे मोजायचे की एकत्र?

नोंदवही
भरतीच्या तपासणीसाठी अपंगत्व, लिंग आणि वंश असे तीन तक्ते काढले. एकातही मोठी तफावत नाही. तरी अपंग स्त्रियांच्या तक्रारी येतच आहेत. चूक कुठे होतेय? शिवाय तक्रार अर्जात भेदभावाचं एकच कारण निवडता येतं. तो बदलावा का?

आकडेमोड
चूक तक्त्यांच्या मांडणीत आहे. समजा 200 अर्ज आले. अपंगत्व नसलेले 90 पुरुष आणि 90 स्त्रिया, प्रत्येकी 27 निवडले. अपंग पुरुष 10, निवडले 4. अपंग स्त्रिया 10, निवडली 1. आता लिंगाचा तक्ता बघा: पुरुष 31 टक्के, स्त्रिया 28. अपंगत्वाचा: अपंग 25, इतर 30. दोन्ही तक्ते बरे दिसतात, आणि अपंग स्त्रियांचे 10 टक्के दोन्हींत बुडून जातात. म्हणून उभ्या रकान्यात लिंग, आडव्या ओळीत अपंगत्व घ्या, मग हेच वंशानुसार पुन्हा करा.

गट लहान असेल तर एका माणसाने टक्केवारी दहाने हलते. तीन वर्षांचे अर्ज एकत्र धरा. चार-पाच जणांच्या गटाचे आकडे जाहीर करू नका, माणूस ओळखू येतो.

कलम_सहा
अर्ज बदलाच. हवी तितकी कारणं निवडता यायला हवीत, आणि 'मुख्य कारण कोणतं?' हा प्रश्न काढून टाका. तोच माणसाचे तुकडे करतो. 1976 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने काळ्या स्त्रियांना वंश आणि लिंग हे दोन्ही आधार एकत्र मांडू दिले नाहीत. कंपनीत स्त्रिया होत्या, पण गोऱ्या. म्हणून लिंगभेद नाही, असं ठरलं. अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये आंतरछेदितेची (एकाच माणसावर अनेक भेदभाव एकमेकांत मिसळून येतात, या कल्पनेची) मांडणी केली ती याच खटल्याचा दाखला देत. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराचं कलम 6 तर अपंग स्त्रियांवरच्या बहुविध भेदभावाबद्दलच आहे.

सर्वेक्षक
तक्ते काढण्याआधी अपंगत्वाची नोंद कशी झाली ते तपासा. 'तुम्ही अपंग आहात का?' असं विचारलं की बरेच जण नाही म्हणतात, कारण त्या शब्दाला कलंक चिकटलेला आहे. वॉशिंग्टन ग्रुप या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगत्व-आकडेवारी गटाची सहा प्रश्नांची यादी वापरा: दिसणं, ऐकू येणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची निगा, संवाद. उत्तराचे पर्याय चार. एका प्रश्नाला जरी 'खूप त्रास होतो' किंवा 'अजिबात जमत नाही' असं उत्तर आलं, तरी ती व्यक्ती मोजायची. मानसिक आजार यात निसटतात, त्यासाठी वेगळे प्रश्न लागतात. उत्तरं मात्र ज्याची त्यानेच द्यावीत. घरातल्या दुसऱ्या कुणी दिली की बायकांच्या अडचणी गळतात.

कलम_सहा
तक्रारीच्या सुनावणीलाही हेच लागू. कर्णबधिर स्त्रीसाठी नवरा किंवा भाऊ दुभाषी म्हणून बसवू नका. त्याच्यासमोर ती छळाबद्दल बोलणारच नाही. प्रशिक्षित दुभाषी, शक्यतो स्त्री, तिला विचारून ठरवा आणि हा खर्च संस्थेनेच करायचा.