टेकडीवरचा कॉसमॉस उपटावा की कापावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आम्ही दहा-बाराजण दर रविवारी सकाळी श्रमदानाला जातो. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा (गवत काढलेले मोकळे पट्टे) काढतो, रोपांना पाणी घालतो. पावसाळ्यात मात्र गेली तीन वर्षं एकच काम पुरून उरतंय, ते म्हणजे कॉसमॉस काढणं. सगळं वनरक्षकांना विचारूनच करतो.

हा केशरी-पिवळा कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा, बागांमधून सुटून रानात शिरलेला. गौरी-गणपतीच्या सुमारास उतार पिवळाधमक होतो आणि लोक सोनकी समजून फोटो काढतात. सोनकी जेमतेम गुडघाभर, हा कमरेच्या वर जातो. जिथे तेरडा दाट यायचा, घरची गौर तिथूनच आणायचो, तिथे आता चार-पाच रोपं शोधावी लागतात. फार वाईट वाटतं.

खरी अडचण मागच्या रविवारी झाली. एका दगडाच्या आडोशाला भुईआमरीचा (जमिनीत वाढणाऱ्या रानटी ऑर्किडचा) वीतभर तुरा होता, चहूबाजूंनी कॉसमॉस. पाऊस होऊन गेलेला, माती भुसभुशीत. मी शेजारचं रोप ओढलं तर त्याच्याबरोबर ढेकूळ उचललं गेलं आणि भुईआमरीचा कंद उघडा पडला, बोराएवढा. लगेच माती दाबून बसवला. जगेल का? अशा ठिकाणी उपटण्याऐवजी बुडाशी कात्रीने कापलं तर चालेल, की खालून पुन्हा फुटवे येतात?

उपटलेल्या झाडांचं काय करता? कळ्या धरलेली झाडं ढिगात वाळताना बी पक्व होतं का? गेल्या वर्षी आम्ही उशीर केला. ते काळं, सुईसारखं बी आमच्याच पायमोज्यांना चिकटून सगळ्या पायवाटेने पसरलं असणार. तिथे यंदा रोपांचा नुसता गालिचा आहे. जमिनीतलं बी संपायला किती पावसाळे लागतात, हा अनुभव कुणाला असेल तर नक्की सांगा.

आणखी एक. फिरायला येणाऱ्या काकू-आजोबा कळवळून विचारतात, "अहो, एवढी छान फुलं का उपटता?" त्यांना तेरड्याबद्दल सांगितलं की पटतं, पण प्रत्येकाला थांबवून सांगणं होत नाही. तुमच्याकडे फलक लावून उपयोग झालाय का?

इथे अजून कळ्या नाहीत, पण पुढच्या दोन रविवारांत धरतील. त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.