ठोकळ्यांचा उपाय

ती भयंकर क्लिप पाहून चार दिवस झाले तरी रात्री दिवा बंद करवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझंही झालं होतं. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी अपघाताचा व्हिडिओ टाकला, पुढे आठवडाभर ट्रकचा हॉर्न ऐकला की पोटात गोळा. 'आठवायचं नाही' म्हटलं की जास्तच आठवतं, तो नाद सोडा. मी टेट्रिस खेळायचो, वरून पडणारे ठोकळे रचायचा तो गेम. हसू नका! ऑक्सफर्डच्या मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स यांच्या गटाच्या २००९च्या प्रयोगात, भयंकर दृश्यं पाहिल्यावर अर्ध्या तासाने टेट्रिस खेळलेल्यांना ती नंतर कमी वेळा आठवली. डोळे ठोकळ्यांत गुंतले की चित्राला जागा उरत नाही. चार दिवसांनी तितका गुण येईलच असं नाही. मला निदान झोप लागायची. व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड आजच बंद करा. तरीही झोप येईना तर टेलि-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात, फुकट.