पाच दिवसांत मूल बदलून मिळेल म्हणे!

खडूस_बाप
काल कुणीतरी लिहिलं होतं: "मुलांना साहस शिबिराला पाठवाच. पाच दिवसांत बुजरं मूल नेता होऊन परत येतं." खाली बदामांचा पाऊस. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळं लिहितोय.

माझी मुलगी १३ वर्षांची. तिलाही पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी रॅपलिंग. दरीकडे पाठ करून कड्यावर उभं राहायचं आणि दोरावर भार टाकून मागे रेलायचं. नेमकं ते रेलणंच तिला जमेना. मागे रांगेतली पोरं मोजायला लागली, "पाच, चार, तीन..." शून्य झालं, ही तिथेच. पुन्हा पाचपासून. तिसऱ्या मोजणीला प्रशिक्षक म्हणाला, "सगळे तुझ्यामुळे खोळंबलेत." उतरली मग. फोटोत हसतेयसुद्धा. आता घरात जिना उतरतानाही कठडा सोडत नाही. प्रमाणपत्रावर मात्र 'निर्भय' असं छापलंय.

तर हे नेते कुठे तयार होतात, जरा पत्ता द्या.

दोरवाला
मी २२ वर्षं हेच काम करतोय. मोजणी लावणारा प्रशिक्षक चुकला, त्यात वाद नाही. कड्यापर्यंत येऊन 'नको' म्हणणं हा मुलाचा हक्क आहे. आमच्याकडे तर मूल स्वतःच्या दोरावर उतरतं तेव्हा वरून दुसरा सुरक्षा दोर आमच्या हातात असतो, आणि नको म्हटलं की त्याच दोराने मागे घेतो.

पण एका शिबिरावरून सगळंच मोडीत काढू नका. हे काही कालचं खूळ नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये, ऐन युद्धात, वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला आउटवर्ड बाउंड ही साहस प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. बुडालेल्या जहाजांवरचे तरणेबांड खलाशी लवकर जीव सोडायचे आणि मुरलेले म्हातारे तगायचे, ही त्यामागची चिंता. प्रश्न दंडातल्या ताकदीचा नव्हताच.

आकडेमोड
ते अभ्यासक्रम जवळपास महिनाभराचे असायचे, हे बरं विसरलात.

शिक्षण संशोधक जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा साहस कार्यक्रमांवरचे ९६ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरी परिणाम ०.३४. म्हणजे आहे, पण ढोल बडवण्याइतका नाही. २० दिवसांहून लांब कार्यक्रमांचा जास्त, आणि शाळकरी पोरांपेक्षा मोठ्यांवर जास्त. पाच दिवस आणि १३ वर्षं, म्हणजे दोन्हीकडून बोंब. मात्र खडूसराव, एक गोष्ट तुमच्याही विरुद्ध जाते. कार्यक्रम संपल्यावर परिणाम विरला नाही, उलट आणखी ०.१७ने वाढला. शाळेतल्या किती उपक्रमांबद्दल असं म्हणता येईल?

सांजवेळ
०.३४ घेऊन मी काय लोणचं घालू?

माझ्या मुलाच्या गटाने तंबू लावला तो नेमका पाणी वाहायच्या जागी. रात्री पाऊस आला. प्रशिक्षिका उठून आल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत, नुसती बॅटरी धरून उभ्या राहिल्या. पोरांनीच भांडत भांडत तंबू उपटला आणि वर नेऊन लावला. घरी आल्यावर ओली स्लीपिंग बॅग न सांगता वाळत घातली गेली. नेताबिता काही झाला नाही. पण ती बॅग मी अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून वाट बघितल्यासारखी बघत होते.

राग एकाच गोष्टीचा. पाच दिवसांत एक फोटो पाठवला नाही. आईने काय करायचं?

दोरवाला
फोटो! कुणीतरी हा विषय काढणारच होतं.

बिले देताना, म्हणजे उतरणाऱ्याचा सुरक्षा दोर सांभाळताना, ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये, हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा. आठाची गाठ पुरती आवळलीय का, कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं, लॉक फिरवलंय का, मोकळे केस डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरायच्या साधनात, जात नाहीत ना, हे प्रत्येक पोराचं बघायचं. आणि खिशात फोन थरथरतोय: "दादा, आमचं पिल्लू एकाही फोटोत नाही!" मागे एकदा फोटो टाकले, तर दोन मिनिटांत विचारणा: "तो एकटाच झाडामागे का उभा आहे? कुणी बोलत नाही का त्याच्याशी?" ताई, तो लघवीला गेला होता.

सांजवेळ
चेष्टा करा. १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये लाइम बेच्या समुद्रात कयाकिंगला नेलेली चार मुलं गेली. त्यांच्याही घरी 'काळजी करू नका' असंच सांगितलं असेल. म्हणून विचारते आई.

आकडेमोड
लाइम बेच्या केंद्रातल्या आधीच्या प्रशिक्षकांनी सुरक्षेबद्दल आधीच लेखी इशारा दिला होता. व्यवस्थापनाने तो कानाआड केला. पुढे १९९५ मध्ये तिथे परवान्याचा कायदा आला. फोटोंनी यातलं काय थांबलं असतं? एका प्रशिक्षकामागे मुलं किती, दोर कधीचा, नोंदवही आहे का, जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर, हे विचारा. हे विचारणारे पालक दहात एक. फोटो मागणारे दहात अकरा.

सांजवेळ
तुम्ही आकडेच सांगा, आईपण शिकवू नका.

खडूस_बाप
माझा मुद्दा कड्यावर लटकतोय आणि तुम्ही सगळे खाली उभे राहून फोटो काढताय.

पाठीवर_पिशवी
मी १९ची, म्हणजे इथे बहुधा एकटीच 'शिबिरार्थी'. मध्येच बोलते, सॉरी.

मी १४ची असताना गेले होते. झिपलाइनचा, म्हणजे तारेला लटकून घसरत जातानाचा, फोटो बाबांनी फ्रेम केलाय, मला ती झिपलाइन धड आठवतही नाही. आठवतो तो सोलो. तीन तास एका झाडाखाली एकटीने बसायचं, घड्याळ नाही, पुस्तक नाही. पहिला तास मुंग्या मोजल्या. दुसऱ्या तासाला रडले, का ते आजही नीट सांगता येणार नाही. तिसऱ्यात झोपले. त्याचा फोटो नाही, आणि असता तर मी तो फाडला असता.

खडूसकाका, मुलीला विचारलंत का? की प्रमाणपत्रच वाचलंत?

खडूस_बाप
आलं का आमच्यावर.

विचारलं. म्हणाली, "उतरणं वाईट नव्हतं, मोजणं वाईट होतं." मधे थोडं उतरल्यावर पाय भिंतीला बरोबर टेकायला लागले होते म्हणे, तेवढं आवडलं. कठड्याचं विचारलं तर म्हणते, "बाबा, जिन्यावर 'सांभाळून, सांभाळून' तुम्हीच ओरडता." बायको आतून हसली.

प्रमाणपत्राबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही. पण ती पुन्हा जायचं म्हणतेय. दोरवाले, तुमच्याकडे मोजत नाहीत ना?

दोरवाला
नाही मोजत. नको म्हणाली तर मागे घेऊ, आणि रांगेतल्यांना आधीच तंबी असते. प्रमाणपत्रही नाही देत.

खडूस_बाप
फोटो नकोत मला.

सांजवेळ
एक तरी घ्या हो. पाठवू नका हवं तर.