जुन्या कचऱ्याचं टेंडर: कमी दरवाल्यालाच काम द्यायचं का?

बावडेकर:
कोल्हापुरातल्या झूम कचरा डेपोचा ढीग बघत आमची पिढी मोठी झाली. असल्या जुन्या कचऱ्याच्या टेंडरला दोन लिफाफे असतात. पहिल्यात अनुभव, उलाढाल, यंत्रं. त्यात पास झालेल्यांचेच दर उघडायचे आणि एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याला, काम द्यायचं. काठावर पास झालेला आणि खरोखर जाणकार, दोघं तिथं एकाच मापात! कचरा चाळणं स्वस्त पडतं. चाळून निघालेलं प्लॅस्टिक वगैरे जळाऊ माल, म्हणजे आरडीएफ, भट्टीत जाळायला सिमेंट कारखान्यापर्यंत नेणं महाग. कमी दरवाला हात आखडतो तो तिथंच. एका डेपोवर पावसात फुटलेले गठ्ठे मी बघितलेत, पिशव्या शेजारच्या उसाच्या सरीत अडकलेल्या. म्हणून गुणवत्तेला गुण हवेतच.

ट्रॉमेलवाला (कचरा चाळायचं फिरतं यंत्र चालवणारा):
दादा, गुण देणार कोण? एका टेंडरला सादरीकरणाला २० गुण होते. मला ९ मिळाले, का ते आजतागायत कळलं नाही. दर हा आकडा आहे, तो कुणीही ताडून बघू शकतो. अनुभवाची अट तर अशी घालतात की जिल्ह्यातला माणूस दारातच अडतो. मग बाहेरची कंपनी काम घेते आणि निम्म्या दरात आमच्याकडूनच करून घेते.

लेखा शाखेतली (निवृत्त):
केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत अशा कामांना गुणवत्तेचं वजन जास्तीत जास्त ३० टक्के धरलंय. म्हणजे तिथंही दरच जड. ट्रॉमेलवाले, कोर्ट १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून निर्णयापेक्षा प्रक्रिया तपासतं. ९ गुणांची कारणं फाईलवर नसतील तर तुमची बाजू तिथंच आहे. गुणपत्रक माहिती अधिकारात मागायला हवं होतं.

बावडेकर:
ताई, पटलं. सादरीकरणाचे गुण नकोतच. पण सिमेंट कारखान्याशी केलेला करार पहिल्याच लिफाफ्यात मागा, नसेल तर बाद. आणि बिल वजनकाट्याच्या पावतीवर काढू नका, मोजणी करून ढीग किती घटला त्यावर काढा.

ट्रॉमेलवाला:
करार कागदावर कुणीही आणतो. आणि सगळं बिल शेवटी दिलंत तर आमच्या डिझेलचं काय? चाळल्यावर ६० टक्के द्या, कारखान्याची पोच आल्यावर ४०. या अटीवर मी उद्या टेंडर भरतो.

बावडेकर:
६० हातात पडल्यावर गठ्ठे परत तिथंच राहणार. चाळल्यावर ४० आणि पोच आल्यावर ६० करा, मग मी तुमच्या बाजूनं बोलेन.