कण्हेर धरणासाठी पहिली कयाक कोणती घ्यावी?

गळवाला_सातारा:
नमस्कार मंडळी. दहा वर्षं कण्हेर आणि उरमोडीच्या काठावरून गळ टाकतोय. मरळ झुडपांत लपते, काठावरून फेक तिथवर पोचत नाही. म्हणून कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी निमुळती होडी, घ्यायचीय. वजन ८८ किलो, पोहता येतं, गाडी अल्टो. हवेची घेऊ की कडक प्लास्टिकची? आत बसायची की वर बसायची?

धोमकाठ:
दादा, वर बसायचीच घ्या. तिला आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी आपसूक खाली जातं. आत बसायची उलटली तर टबासारखी भरते. भर धरणात ती एकट्याला रिकामी होत नाही. रुंदी ३२-३४ इंच, लांबी १० फुटांच्या आसपास बघा. रुंद कयाक हळू चालते, पण मासा ओढताना अंग कललं तरी सावरून धरते. तुमचं वजन आणि सामान धरून १५० किलोपेक्षा कमी भार पेलणारी नको.

हवेची मी आधी वापरली. उन्हाळ्यात धोम धरणाचं पाणी उतरलं की बाभळीचे बुंधे वर येतात. दुसऱ्याच महिन्यात काटा घुसला. हवेचे कप्पे वेगळे होते म्हणून काठाला लागलो, पण ती वल्ही मारताना पोरं डोळ्यांपुढं येत होती.

आता कडक आहे, ३० किलोची. मे महिन्यात गाडी थांबते तिथून पाणी लांब जातं आणि मधे गुडघाभर गाळ. चाकांची ट्रॉली सोबतच घ्या. आणि पैसे देण्याआधी दुकानातच ती एकट्यानं अल्टोच्या टपावर चढवून बघा. लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय पाण्यात उतरू नका, पोहता येत असलं तरी.

कृष्णाकाठचा:
सांगलीकडं नदीत घालणार असाल तर भिलवडी, औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत. आम्ही होड्यांच्या शर्यती बघत वाढलो, पण होडीत माणूस उंच बसतो, कयाकमध्ये पाण्याला टेकूनच. इकडं कयाक नकोच. आणि पावसाळ्यात मरळ पिल्लांचा थवा राखत असते, तेव्हा तिला सोडून द्या. राखणारा मासा गेला की पिल्लं उरत नाहीत.

गळवाला_सातारा:
कण्हेरच घट्ट धरतो. परवानगीचं काय?

धोमकाठ:
धरणातल्या मासेमारीचा ठेका दिलेला असतो. काठावर जाळी टाकणाऱ्यांना विचारा, कुणाकडं आहे ते तेच सांगतील. त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहा.

गळवाला_सातारा:
एकदा तुमच्या कयाकवर बसून बघता येईल का?

धोमकाठ:
या की. रविवारी सकाळी ६ ला वाई स्टँडवर. दुपारी वारा सुटतो, त्याआधी काठाला यायचं. जॅकेट तुमच्या मापाचं आणा, माझं तुम्हाला व्हायचं नाही.